न सांडलेलं पाणी

पहाटे तीनची वेळ पंचांगवाल्यानं काढून दिली.
माझ्या पुतण्याची पोर, सुत-यिंग,
पपनशीच्या पानांनी न्हाऊन आरशापुढे बसली आहे
आणि लेउंगवहिनी तिच्या केसांतून फणी चालवते आहे.
लेउंगवहिनीच का? तर नवरा धडधाकट,
दोन मुलगे, एक मुलगी, सासूसुद्धा अजून खुटखुटीत.
अशा भरल्या बाईचाच हात लागावा लागतो.

एकदा विंचरले, शेवटपर्यंत जावो.
दोनदा विंचरले, शंभर वर्षं एकोपा.
तिसऱ्यांदा, नातवंडांनी ओटी नाही, ओसरी भरो.
चौथ्यांदा, दोघांच्या भुवया पांढऱ्या होवोत
एकमेकांच्या देखत.

मी मागच्या खोलीत आडवी. भिंत पातळ आहे.
माझ्याच पैशांनी बांधलेली,
मला ठाऊक आहे किती पातळ.

एकोणिसाव्या वर्षी मीही न्हाले होते याच पानांनी.
रेशीमगिरणीतल्या आम्ही सहाजणी,
बोटांची कातडी उकळत्या कोशांनी पांढरी पडलेली,
क्वानयिनच्या देवळात गेलो.
वेणी सोडली. आपली आपणच विंचरली.
अंबाडा बांधला, लग्न झालेल्या बायका बांधतात तसा,
फक्त पलीकडे कुणी नवरा नव्हता.
कोंबडा आरवला, तोच साक्षीला.
माझ्या आईनं महिनाभर कुणाशी बोलणं टाकलं,
मग पहिला पगार आला, आणि ती बोलू लागली.

पुढे सिंगापूर. चौतीस वर्षं
दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसली.
दर महिन्याला पत्र, पत्रात पैसे.
या घराची कौलं, पुतण्याची शाळा,
मासळीच्या तळ्याचा बांध. मोजत नाही मी.
मोजलं आहे, पण बोलत नाही.

उजाडलं. दाराशी गलका.
नवरा आला आहे, होऊंचा गाम-छुन, जिवंत मासे वाहतो ट्रकनं.
मैत्रिणींनी दार अडवलंय: नऊशे नव्याण्णव युआन टाक!
आमच्या बोलीत नऊ म्हणजे चिरकाल.
तो नव्याण्णववर अडून बसलाय,
मासळीबाजारासारखी घासाघीस,
म्हणतो, यातही दोन नऊ आहेत की!
मला हसू आलं. पोरगा बरा दिसतो.

खिडक्यांवर लाल कागदाची कातरलेली अक्षरं.
आनंदाला आनंद चिकटवलेला, असं ते जोडाक्षर.
पोरांनी चुकून एक माझ्याही दारावर लावलं.
पुतण्याची बायको काढायला आली,
नख लावलं, मग तशीच गेली.

दिलेली लेक म्हणजे सांडलेलं पाणी, म्हणतात इथे.
मी न सांडलेलं. घागरीतच राहिले.
शिळं म्हणाले, पण तहान लागली तेव्हा
घर तेच प्यालं.
आणि तरी रीत अशी की मरायचं नाही या छपराखाली.
गल्लीच्या टोकाला आम्हा विंचरलेल्यांचं घर आहे,
तिथे एक खाट माझ्या नावाची.
सहांतली एकच उरली आहे, तिला आता ऐकू येत नाही.

पुढच्या खोलीत चहा चालू झाला.
आजोबा, मग आई-बाप, मग मामा, मग लेउंगवहिनी.
कपबशांचा आवाज थांबला तशी मी कूस वळले.

पडदा हलला.
लाल झग्यावरचा सोनेरी पक्षी आधी दिसला,
मग ती. मागे तो, वाकून, दार बुटकं म्हणून.
दोघं गुडघ्यांवर बसली त्या ओल्या फरशीवर.
"आत्याआजी, चहा घ्या."
बाहेर कुणीतरी म्हणालं, मुहूर्त टळेल.
ती उठली नाही.

मी कप दोन्ही हातांनी घेतला.
अशा वेळी काहीतरी शुभ बोलायचं असतं.
फणीच्या चारही ओळी मला पाठ,
एकही तोंडात येईना.
उशीखालचं लाल पाकीट दिलं.
तिनं माझ्या अंबाड्याकडे पाहिलं,
सुटलेली एक बट कानामागे सारली,
आणि गेली.

आता अंगणात छत्री उघडल्याचा आवाज.
तांदूळ उधळताहेत तिच्यावर,
आभाळातल्या कोंबड्यानं दाणे टिपावेत,
नवरीला टोचू नये म्हणून.
कपाच्या तळाशी एक कमळबी आहे.
लेकरामागून लेकरू, असा तिचा अर्थ.
मी चावली.
आतला हिरवा कोंब काढायला विसरलेत.
कडू आहे.
थुंकले नाही.